नंदाबाईचा समेट

दुपारी भाकर खाऊन धावजीनं ओसरीतल्या खाटेवर अंग टाकलं, की पाच मिनिटं होत नाहीत तोच नंदाबाई उशाशी हजर. नवऱ्याचा खांदा धरून गदागदा हालवायची. "अवो, उठा. डोळे उघडा. माह्याकडे पाहा." बिचारा दचकून उठायचा, शिव्या हासडायचा, पुन्हा आडवा व्हायचा, आणि हिचा हात पुन्हा खांद्यावर. एकट्या धावजीचेच हे हाल होते असं नाही. शेजारणीचं तान्हं पाळण्यात निजलेलं दिसलं तरी ही जाऊन त्याला जागं करायची आणि त्याच्या आईच्या शिव्या खाऊन परत यायची. बंजाऱ्यांच्या त्या तांड्यातल्या बायांनी तिचं नाव 'हालवणी' पाडलं होतं. तोंडावर म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. लोकांना काय, फुकटचा तमाशा.

तिची स्वतःची झोप तर कधीच उडाली होती. छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, आत्ता जीव जातो की मग, असं व्हायचं. धावजीनं भगत आणला, त्यानं लिंबं उतरवली. यवतमाळला नेलं, तिथून गोळ्या आणल्या. गोळ्यांनी तोंड कोरडं पडलं, भीती होती तिथंच राहिली. डॉक्टरनं विचारलं, "बाई, कशाची भीती वाटते?" तर म्हणे, "काई माहीत नाई बाप्पा."

खोटं! तिला चांगलं माहीत होतं. आणि तुम्हालाही आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत बोरी अरबकडच्या सदाशिवरावाच्या वावरात कापूस वेचणी चालली होती. बाया जमवणं, कोणी कोणती ओळ धरायची ते ठरवणं आणि संध्याकाळी वजनाच्या काट्यापाशी उभं राहणं, हे काम नंदाबाईचं. वेचणाऱ्या बाईच्या ओळीला पात म्हणतात. एकदा पात धरली की ती संपल्याशिवाय वर पाहायचं नाही, हा नंदाबाईचा कायदा. मायलेकींना शेजारच्या पाती द्यायच्या नाहीत, हा दुसरा. शेजारी ठेवल्या की गप्पा मारतात म्हणे. म्हणून हंसाबाईला तिनं वावराच्या त्या टोकाला बोरीच्या झाडापाशी लावलं आणि हंसाबाईच्या पोरीला, उज्ज्वलाला, आपल्या बाजूला घेतलं.

हंसाबाई कोण? नंदाबाईच्या माहेरची, एकाच तांड्यातून दोघी लग्न होऊन इथं आल्या. वयानं लहान, म्हणून नंदाबाईला 'बाई' म्हणायची, त्यांच्या बोलीत बाई म्हणजे मोठी बहीण. नवरा पूनमसिंग सहा महिने ऊसतोडीला. घरात ही आणि ही एकुलती पोरगी, बारावीतली, अंगानं काडी पण बोलायला मिरची.

त्या दिवशी उज्ज्वला तीनदा बोलली. पहिल्यांदा म्हणाली, "काकी, पायाले काहीतरी टोचलं." नंदाबाई म्हणाली, "काटा असन. वेच." अर्ध्या घंट्यानं म्हणाली, "काकी, पोटात दुखून राह्यलं." नंदाबाई म्हणाली, "शाळेत नाही दुखत ते तुह्यं पोट?" आणि तिसऱ्यांदा जे म्हणाली, ते नंदाबाईनं त्या दिवसानंतर मनातल्या मनातही कधी परत आणलं नव्हतं. मग पोरगी गप झाली. थोड्या वेळानं कमरेच्या ओटीतल्या कापसावरच डोकं टेकून आडवी झाली. कामचुकार झोपली, असं समजून नंदाबाई तणतणत गेली, खांदा धरून हालवलं. ओठ निळे पडले होते. घोट्यापाशी मण्यार सापाच्या दातांच्या दोन बारीक खुणा.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "केव्हा चावला?" नंदाबाई म्हणाली, "आत्ताच, साहेब." डॉक्टरनं पोरीचे डोळे पाहिले, नाडी पाहिली आणि म्हणाला, "आत्ताच नाही. दोन तास तरी झाले. वेळेवर आणली असती तर इंजेक्शन होतं." हे ऐकायला हंसाबाई तिथं नव्हती. ती बाहेर फरशीवर पडली होती आणि बाया तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या.

नंदाबाई बाहेर आली आणि हंसाबाईचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाली, "डॉक्टर म्हणे, या सापापुढं कोणाचं काही चालत नाही. घडीभरात आटपते. तिले काही समजलं नाही हंसा, झोपेत गेली पोट्टी. एक शब्द नाही बोलली."

त्या एका वाक्यावर हंसाबाई जगली. कोणीही दारी आलं की तेच सांगायची. "माह्या उज्जूले काही दुखलं नाही. काही बोलली नाही. बाई होती नं जवळ, परक्यात नाही गेली माही पोट्टी." सांगून झालं की डोळे पुसायची आणि चहा ठेवायची. आणि नंदाबाईवर तर तिची माया इतकी वाढली की विचारू नका. हालवणीला भीतीचा झटका आला की तांडा हसायचा आणि हंसाबाई धावत यायची. तळपाय चोळायची, कांदा फोडून नाकाशी धरायची. म्हणायची, "माह्या पोरीपायी हिची ही दशा झाली." पोरगी गेली त्या बाईची आणि पाय चोळून घेतले कोणी, तर नंदाबाईनं!

अशा वेळी सुखीबाई मधे पडली. सुखीबाई तांड्यातली जुनी ख्रिस्ती, दर रविवारी काळीपिवळी जीप धरून बोरी अरबला प्रार्थनेला जाणारी. ती म्हणाली, "चाल माह्यासंग. बरं नाही वाटलं तर परत येऊ नको." धावजी कुरकुरला, सेवालाल महाराज काय कमी पडले का म्हणाला. पण दुपारची झोप मिळाली तर त्यालाही पाहिजेच होती. जा म्हणाला.

बाजाराच्या मागं एक टिनाचं शेड. खाली सतरंज्या, डावीकडं बाया डोक्यावर पदर घेऊन, उजवीकडं माणसं. ढोलक, खंजिरी, आणि एक माइक, तो मधूनच किंचाळायचा. पास्टर देवराव पहिले ट्रॅक्टरचा मेकॅनिक होता, बोटांच्या पेरांत अजून काळं तेल. नंदाबाई मागं भिंतीला टेकून बसली आणि दार कुठं आहे ते पाहून ठेवलं. मग गाणं सुरू झालं. पहिलं मराठी, दुसरं चक्क त्यांच्या बोलीत, तांड्यावरच्या बाया लग्नात गातात त्या चालीवर, पण नाव येशूचं. टाळ्या सुरू झाल्या. मग सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करायला लागले, ज्याचं त्याचं दुःख ज्याच्या त्याच्या तोंडून. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं, सगळ्यांचं ऐकणारा एकच, असं सुखीबाई म्हणे. त्या गोंगाटात नंदाबाईनं वर्षात पहिल्यांदा तोंड उघडलं. काय बोलली ते तिलाही आठवत नाही. नाक, डोळे, लाळ सगळं वाहिलं. सुखीबाईनं पाठीवर हात ठेवला. आणि छातीतली धडधड, खरं सांगतो, हळूहळू उतरत गेली, तापलेलं इंजिन बंद करावं तशी.

त्या दिवशी परतीच्या जीपमधे ती झोपली. अकरा माणसं कोंबलेल्या जीपमधे, कोणाच्या तरी कोंबडीच्या टोपलीवर डोकं ठेवून, घोरत.

यात काही खोट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला हसायचं त्यानं हसावं. बाई बरी होत होती. सकाळी उठून गायची, भाकरी थापताना गायची. झटका आला तर जागेवर बसून मोठ्यानं नाव घ्यायची, आणि झटका यायचा तसा जायचा. धावजीला दुपारी झोप मिळायला लागली. हंसाबाई तर तिच्या येशूला हात जोडायला लागली. "माह्या बाईले वाचवलं त्यानं. तो कोणी का असेना, चांगला हाय."

पण महिन्याच्या पहिल्या रविवारी घोडं अडायचं. त्या दिवशी प्रभुभोजन. स्टीलच्या ताटात भाकरीचे तुकडे आणि इवल्या कपांत द्राक्षाचा रस. देवरावाच्या शेडात एक रीत होती. ताट समोर आलं की प्रत्येकानं मोठ्यानं म्हणायचं, "माझा समेट झाला, कोणाशी काही नाही," आणि मगच तुकडा उचलायचा. कोणाशी भांडण असेल, कोणाचं काही लपवलं असेल, तर आधी त्याच्या दारी जाऊन सांगून यायचं. दोन भाऊ असे बांध कोरल्याचं एकमेकांना सांगून आले होते आणि शेडात गळ्यात पडून रडले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

नंदाबाईसमोर ताट आलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. ताट पुढं जायचं. पहिल्या महिन्यात गेलं, दुसऱ्या महिन्यात गेलं, तिसऱ्या महिन्यात आजूबाजूच्या बाया वळून पाहायला लागल्या. आणि त्या दिवसापासून पुढचे आठ दिवस धडधड परत. बरी झालेली बाई पुन्हा आजारी पडली की पहिल्यापेक्षा जास्त घाबरते. मिळालेली झोप परत जाईल, या विचारानंच तिचं पाणी पाणी व्हायचं.

नोव्हेंबर संपता संपता तिनं सुखीबाईला सगळं सांगून टाकलं. सुखीबाईनं ऐकलं. बराच वेळ ती सुपातल्या तुरी निवडत राहिली. मग म्हणाली, "देवाले सांगतलं?"

"रोज सांगते."

"मंग झालं. त्यानं माफ केलं. हंसीले कायले सांगतं?"

"ताट पुढं जाते नं माह्यं."

"जाऊ दे वो ताट! तुकड्यानं काय पोट भरते का? जलमभर जाऊ दे. ते तुही शिक्षा समज. त्या बाईजवळ एकच गोष्ट उरली हाय, तेवढी तिच्याजवळ राहू दे."

एवढं शहाणपण बोलायला शाळा लागत नाही, पण ऐकायला मन लागतं. नंदाबाईला राग आला. तिला वाटलं, ही जुनी ख्रिस्ती, हिचं ताट कधी पुढं गेलं नाही, हिला काय समजते. ती पास्टरकडं गेली. त्याला काही उलगडून सांगितलं नाही, एवढंच विचारलं, "सांगतल्यानं समोरच्याले दुखत असन तर?"

देवराव म्हणाला, "दुखणं प्रभूवर सोपव, बाई. तू फक्त खरं सांग. खरं माणसाले मोकळं करते."

कोणत्या माणसाला, ते त्यानं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही.

डिसेंबरचा पहिला रविवार दोन दिवसांवर आला, तेव्हा शुक्रवारी सकाळी नंदाबाई अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून हंसाबाईच्या घरी गेली. जाताना वाटेत गात होती. हंसाबाई चुलीपुढं बसून पीठ मळत होती. "ये बाई, बस," म्हणाली आणि कोपरानं पाट पुढं सरकवला.

नंदाबाई बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगायला सुरुवात केली, कारण बसलं की धीर सुटेल असं तिला वाटलं. पोरगी गप नव्हती गेली. टोचलं म्हणाली होती. पोट दुखते म्हणाली होती. डॉक्टरनं दोन तास सांगितले होते. इंजेक्शन होतं. "म्या खोटं बोलली, हंसा. वर्षभर बोलली. मले माफ कर."

हंसाबाईचे हात पिठातच राहिले. ती रडली नाही, ओरडली नाही. नंदाबाई वाट पाहत होती की आता झिंज्या धरेल, आता चुलीतलं लाकूड उचलेल. मार खायची तिची पुरी तयारी होती, खरं म्हणजे तिला तो मार पाहिजेच होता. दोन भावांसारखं मग गळ्यात पडून रडताही आलं असतं.

"आणखी?" हंसाबाई म्हणाली.

"काय?"

"टोचलं म्हणली. पोट दुखते म्हणली. आणखी काय म्हणली?"

इथं, देवाशप्पथ, इथं थांबता येत होतं. 'एवढंच' म्हटलं असतं तर कोणाचं काय अडत होतं? पण नंदाबाई आता खरं बोलायला निघाली होती, आणि तिला सगळा हिशेब एकदम साफ पाहिजे होता. अर्धं ठेवलं आणि रविवारी जीभ पुन्हा चिकटली तर?

"म्हणली, 'काकी, डोळे मिटून राह्यले. याडीले बलाव.'"

याडी म्हणजे आई.

"मंग?"

"म्या म्हणलं, तुही याडी काय डॉक्टर हाय? सदाशिवराव धुऱ्याच्या बांधावर उभा हाय, गप राह्य, पात काढ."

"अन् ती?"

"गप राह्यली."

हंसाबाईनं पिठाचा गोळा परातीत ठेवला. त्यावर ओलं फडकं झाकलं, नीट चारही बाजूंनी. म्हणाली, "जा बाई तू आता."

"माफ केलं का?"

"हाव. जा."

नंदाबाई घरी आली ती पिसासारखी हलकी होऊन. तिनं धावजीला गरम भाकरी वाढली, गोठा झाडला, आणि दिवे लागायच्या आत झोपली ती थेट कोंबडा आरवल्यावर उठली. रविवारी ताट आलं तेव्हा ती इतक्या मोठ्यानं "माझा समेट झाला!" म्हणाली की पुढच्या रांगेतली माणसं वळली. शेडात टाळ्या झाल्या. पास्टरनं तिला उभं करून साक्ष द्यायला सांगितली, तिनं दिली. भीती कशी आली, प्रभूनं कशी काढली, माफी मागायला कसं बळ दिलं. बायांनी डोळे पुसले. सुखीबाई मात्र मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसली होती. परतीच्या जीपमधे ती नंदाबाईच्या शेजारी बसली नाही. जळते, नंदाबाईच्या मनात आलं.

सोमवारी सकाळी हंसाबाई दारात उभी. केस विंचरलेले नाहीत, तीन दिवसांचं तेच लुगडं, आणि बोटांवर वाळलेलं पीठ.

"बाई, चाल."

"कुठं?"

"वावरात."

सदाशिवरावाच्या वावरात यंदाही कापूसच होता, शेवटची वेचणी बाकी होती. वावरात माणूस नव्हतं. हंसाबाई पुढं चालली, नंदाबाई मागं. मधोमध येऊन हंसाबाई थांबली. "दाखव."

नंदाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, विहिरीवरून अंदाज घेतला आणि बोट दाखवलं. "इथं."

"तू उभी राह्य तिथं." हंसाबाईनं तिला दोन्ही खांदे धरून त्या जागी नेऊन उभं केलं. "अन् म्या तिकडं होती, बोरीपाशी." ती पातीपातीतून चालत गेली. वाळलेल्या बोंडांनी लुगडं अडत होतं, ती ओढून पुढं जात होती. बोरीच्या झाडाखाली पोचली आणि तोंड फिरवून, पाठमोरी उभी राहिली, वेचायला वाकलेल्या बाईसारखी कमरेत वाकली.

"आता हाक मार!" तिकडून ओरडली. "ती म्हणली तशी!"

"हंसा, कायले..."

"मार!"

नंदाबाईनं हाक मारली. "याडी!"

हंसाबाईनं न वळता हात वर केला. ऐकू आलं. मग ओरडली, "तिनं ओरडून थोडंच म्हणलं होतं? तुले म्हणलं तेवढ्यानं म्हण!"

नंदाबाईनं आवाज खाली आणला. "याडी." हात वर गेला.

"आणखी हळू!"

"याडी." हात वर गेला.

"पोट्टीच्यात दम कुठं होता वो तेव्हा! आणखी हळू!"

नंदाबाई आता पुटपुटत होती. तिचं तिलाही नीट ऐकू येत नव्हतं. एवढ्या लांबून कोणत्याही माणसाला ऐकू येणं शक्य नव्हतं. पण ओठ हालले, की बोरीखालचा हात वर जात होता. मग तिनं ओठही हालवले नाहीत, नुसती उभी राहिली. तरी हात वर गेला.

नंदाबाईनं सवयीनं छातीवर तळवा ठेवला. आता सुरू होईल, असं तिला वाटलं. तिनं वाट पाहिली. छाती शांत होती. हात गार नव्हते, कपाळाला घाम नव्हता. वर्षभर तिला जे खात होतं ते खरंच गेलं होतं, मुळापासून, नावालाही उरलं नव्हतं. तिनं डोळे मिटून प्रभूचे आभार मानले. उन्हं वर आली होती आणि सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"बस झालं हंसा, चाल, ऊन लागन," तिनं हाक दिली. हंसाबाई वळली नाही. नंदाबाई थोडा वेळ थांबली, मग भूक लागली म्हणून धुऱ्यावरून घराकडं निघाली. बोरीखाली हंसाबाई वाकूनच होती, आणि थोड्या थोड्या वेळानं हात वर करत होती.